मशीनचा हात

नीलम्मा कासारणीनं हात हातात घेतला, की बाई कितीही नाजूक असो, 'आई गं' म्हणायच्या आत बांगडी मनगटावर असायची. येरमाळ्याच्या आसपासच्या दहा-बारा गावांत तिची ही ख्याती होती. अंगठ्याच्या मुळाशी ती असं काही दाबायची, की आतली हाडंच बाजूला सरकून वाट देतात असं वाटावं. साबण लावून बांगड्या भरणाऱ्याला ती कासार मानायलाच तयार नव्हती. "साबून लावल्यावर म्हैस बी खिडकीतनं भायेर निघल," असं म्हणून ती ओसरीवर जमलेल्या बायकांना हसवायची आणि त्या हसत असतानाच डझनभर बांगड्या भरून मोकळी व्हायची. मापाच्या बाबतीत तर ती भलतीच हट्टी. हातातून ओघळणारी बांगडी म्हणजे तिच्या लेखी कासाराची बेअब्रू. बांगडी कशी, अंगाला धरून बसली पाहिजे.

जात लिंगायत, धंदा बांगड्यांचा, म्हणून गाव तिला कासारीणच म्हणायचं. नवरा गेला तेव्हा त्याची पेटी तिनं उचलली आणि एसटीनं, टमटमनं, नाहीतर पायी हिंडत शिवरंजनी या एकुलत्या एका लेकीला वाढवून, वाशीच्या चांगल्या घरात दिलं. नऊ वर्षं ती दुसऱ्यांचे हात भरत होती आणि स्वतःचे दोन्ही हात मोकळे घेऊन फिरत होती. विधवेनं हात मोकळे ठेवावेत असं आपल्या धर्मात कुठं सांगितलेलं नाही, असं मठातले स्वामी म्हणत. पण स्वामींना हळदीकुंकवाला कोण बोलावतं? सणावाराला, जत्रेला नीलम्माचा हात सगळ्यांना चालायचा. लग्नाचा चुडा भरायचा म्हटलं की दुसऱ्या कासाराला निरोप जायचा. कुणी तोंडावर वाईट बोलत नव्हतं. "तुमाला कशाला तरास मावशी," एवढंच म्हणत. नीलम्मा हसून मान हलवायची आणि त्या दिवशी त्या घरावरून जायचं टाळायची. मोकळा हात म्हणजे काय असतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

म्हणून शिवरंजनीचा डावा हात जन्मभर मोकळा ठेवायचा असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा लेकीची किडनी गेल्याच्या बातमीनं बसला होता तेवढाच धक्का तिला पुन्हा एकदा बसला.

किडनी गेली ती पहिल्या बाळंतपणात. सातव्या महिन्यात शिवरंजनीच्या पायावर सूज आली, मग तोंडावर आली. पोटुशी बाईला सूज यायचीच, असं सासर-माहेर दोन्हीकडच्या बायकांनी एकमुखानं ठरवलं. उपकेंद्रातली नर्सबाई तीन गावांना मिळून एक. ती महिन्यातून दोनदा यायची आणि त्या दोन दिवसांत एकदा शिवरंजनी माहेरी होती, एकदा नर्सबाईच रजेवर होती. रक्तदाब मोजायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं त्या महिन्यात कुठंच जुळून आली नाहीत. झटके आले तेव्हा जीपमध्ये घालून नेलं. पोर पोटातच गेलं, शिवरंजनी वाचली, आणि आठ दिवसांनी डॉक्टर म्हणाले की लघवी होत नाही, किडन्या बंद पडल्यात, आता आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवावं लागेल. किती दिवस, असं नीलम्मानं विचारलं. डॉक्टर खाली बघून लिहीत राहिले. शिवरंजनी चोवीस वर्षांची होती.

मशीन धाराशिवला. वाशीहून पहाटेची गाडी कधी यायची, कधी नाही. येरमाळा हमरस्त्यावर, तिथं काही ना काही मिळतंच. म्हणून शिवरंजनी दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी आईकडे मुक्कामाला यायची आणि मंगळवारी-शुक्रवारी दोघी मिळून सकाळी सातच्या पाळीला जायच्या. नवरा राजशेखर खताच्या दुकानात कामाला. मालक सुट्टी देईल तेव्हा तोही यायचा. माणूस वाईट नव्हता. दोन वर्षं बायकोच्या आजारामागं पळून पळून त्याच्या तोंडावरचं हसू मात्र पार गेलं होतं.

सोलापूरच्या एका डॉक्टरनं शिवरंजनीच्या डाव्या मनगटात एक शीर आणि एक धमनी एकमेकींना जोडून दिली. या जोडावरच मशीनच्या सुया टोचायच्या. दवाखान्यात त्याला फिस्टुला म्हणत. नीलम्मानं सरळ नाव ठेवलं, मशीनचा हात. सेंटरमधला रणधीर नावाचा टेक्निशियन जीव तोडून सगळ्यांना समजावायचा. "मावशी, इथं बोट ठेवा. थरथर लागते का? आता कान लावा. घरघर ऐकू येते? ही घरघर आहे तोवर ही पोरगी आहे, असं समजा. रोज सकाळी उठलं की चहाच्या आधी हे बघायचं. या हातानं ओझं नाही, यावर झोपायचं नाही, घड्याळ नाही, दोरा नाही, बांगडी तर अजिबात नाही. दाब बसला की रक्त गोठतं. आवाज बंद झाला तर त्याच घटकेला निघायचं, उद्या-परवा नाही."

नीलम्मानं हे देवाच्या आरतीसारखं पाठ केलं. लेक मुक्कामाला असली की सकाळी तिच्या मनगटाला कान लावल्याशिवाय ती चूल पेटवत नसे. आत चाललेली ती घरघर, बाटलीत कोंडलेल्या भुंग्यासारखी. ती ऐकली की तिला पुढचे तीन दिवस मिळाल्यासारखं वाटायचं. ज्या दिवशी लेक सासरी असेल, त्या दिवशी फोन करून ती एवढंच विचारायची, "वाजतंय का गं?" आणि पलीकडून शिवरंजनी हसून म्हणायची, "वाजतंय अव्वा. तू च्या पी."

असं दीड वर्ष गेलं. मग वैशाखात राजशेखरच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं.

लग्न रविवारी होतं. शनिवारी दुपारी वाशीच्या घरात हळद. नीलम्मा विहीणबाईंच्या घरी पाहुणी म्हणून गेली होती, पण धंद्याची सवय, लहानशी पेटी पिशवीत होतीच. सकाळी तिथला कासार येऊन घरातल्या सगळ्या बायकांना हिरव्या बांगड्या भरून गेला. शिवरंजनीच्या उजव्या हातात त्यानं भरल्या आणि डावा हात तिनं पदराखाली घेतला. कासारानं डाव्या हाताचं नावही न काढता पेटी पुढच्या बाईकडं सरकवली. विहीणबाई जगदेवी तिथंच उभ्या होत्या, त्यांनी पुढच्या बाईला बोलावलं. नीलम्मा मात्र दारातून हे सगळं बघत होती.

मग घाणा भरायची वेळ झाली. पाच सवाष्णींनी मिळून मुसळाला हात लावायचा आणि हळकुंडं कुटायची. कुणीतरी एक आत्ती नावं घ्यायला लागली. ही ये, ती ये, तू ये. शिवरंजनी घरची थोरली सून, ती पुढं सरली. आत्तीनं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे गं बाई. तू बस तिकडं निवांत." आणि शेजारच्या बाईला पुढं घेतलं.

आता त्या आत्तीच्या मनात काय होतं, ते तिचं तिला ठाऊक. पोरगी आजारी आहे, मुसळ उचलायचं ओझं कशाला, एवढंच असेल. नीलम्माला मात्र 'तुमाला कशाला तरास मावशी' हेच ऐकू आलं. नऊ वर्षं जे शब्द तिनं हसून गिळले, तेच आज लेकीच्या वाट्याला आले, आणि तेही नवरा जिवंत असताना. तिला लेकीचा डावा हात तेवढा दिसत राहिला. तिचं डोकं फिरलं, असंच म्हणायला पाहिजे.

तिनं शिवरंजनीला धान्याच्या खोलीत नेलं आणि पेटी उघडली.

"अव्वा, नको," शिवरंजनी म्हणाली. "रणधीरभाऊंनी काय सांगितलंय?"

"उद्या अक्षता पडल्या की काढून टाकू. एका दिवसाचं तर काम हाय."

"आवाज बंद पडला तर?"

"म्या कासारीण हाय का तू? मला कळतंय कुठल्या बांगडीनं काय व्हतंय ते."

इथंच ती चुकली, आणि तिच्या धंद्यातलं माणूसच चुकेल अशी चुकली. तिला वाटलं, धोका आहे तो हलणाऱ्या बांगडीचा. सैल बांगडी वर-खाली होणार, त्या जोडावर घासणार, आपटणार. म्हणून तिनं लेकीच्या मापापेक्षा लहान बांगड्या निवडल्या, दोन-चारच्या जागी दोन-दोनच्या, आणि त्या जोडाच्या वर, कोपराकडं सरकवून अशा घट्ट बसवल्या की जागच्या हलू नयेत. सात बांगड्या. साबणाचा थेंब न लावता. आयुष्यात इतकं सफाईचं काम तिनं केलं नसेल. शिवरंजनीला कळसुद्धा लागली नाही. तिनं हात उजेडात धरून फिरवला, हिरवा काच लखलखला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती पोरगी आपल्या हाताकडं बघून हसली.

त्या हसण्यावर नीलम्मानं सगळी शंका सोडून दिली.

दिवसभराच्या दगदगीनं शिवरंजनी संध्याकाळीच आडवी झाली. मशीनवाल्यांना पाणी मोजून प्यायचं असतं. उन्हाच्या तलखीत तिनं दोन घोट घेऊन दिवस काढला होता. ती डाव्या कुशीवर झोपली. पाहुण्यांच्या गर्दीत कुणाचं लक्ष गेलं नाही.

रविवारी उजाडलं. नीलम्मा उठली, लेकीजवळ बसली आणि सवयीनं मनगटावर बोट ठेवलं. काही लागलं नाही. तिनं बोट जरा वर नेलं, खाली नेलं. कान लावला. बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं, लहान पोरं ओरडत होती. तिनं दुसऱ्या कानात बोट घातलं आणि पुन्हा ऐकलं.

आत काहीच नव्हतं.

हात सुजला होता आणि बांगड्या मांसात रुतल्या होत्या. तिनं त्या काढायला घेतल्या. ज्या बोटांना दहा-बारा गावं नावाजत होती, त्या बोटांना दाबायची जागा सापडेना. तेल लावलं. मग साबण लावला. बांगडी इंचभरही हलेना. फोडायला हव्या होत्या, पहिल्या मिनिटालाच फोडायला हव्या होत्या. पण लग्नाच्या दिवशी, लग्नाच्या घरात, सवाष्णीच्या हातावरच्या बांगड्या फोडायच्या, आणि तेही विधवेच्या हातानं? फुटली हा शब्दसुद्धा बायका बांगडीला लावत नाहीत, वाढली म्हणतात. नीलम्मा साबण चोळत राहिली आणि गावच्या येडेश्वरीला हाका मारत राहिली. पाऊण तास. त्या पाऊण तासाचा हिशेब ती आजही मनात करत असते.

"अव्वा, फोड," शिवरंजनी म्हणाली. "फोड की गं."

तेवढ्यात जगदेवीबाई आत आल्या. त्यांनी एकदा सुनेच्या हाताकडं बघितलं, एकदा विहिणीकडं. पुढच्या क्षणाला त्या खाली बसल्या आणि हातातल्या पितळी तांब्याच्या काठानं त्यांनी सातही बांगड्या फोडल्या. सुनेच्या हातावर दोन ठिकाणी काच लागून रक्त आलं.

"शुभ-अशुभ मागनं बघू," त्या म्हणाल्या. "आदी पोरीचा जीव." आणि मग सुनेवर ओरडल्या, "कुणी गं घालाय सांगितल्या व्हत्या? म्या कासाराला काल सकाळीच दटावलं व्हतं, डाव्या हाताला हात लावायचा न्हाय म्हणून!"

म्हणजे इथं लेकीचा मोकळा हात कुणाला सलतच नव्हता. सलत होता तो नीलम्माला एकटीला.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात शिवरंजनी म्हणाली, "म्याच घातल्या आत्या. हौस वाटली म्हणून."

आणि नीलम्मा गप्प बसली. का बसली, हे तिला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. भीती होती, लाज होती. लेकीच्या घरचं दार बंद होईल असं वाटलं. मागनं सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं.

नवरदेवासाठी सजवलेली जीप तशीच फुलांसकट काढली. राजशेखरनं भावाचं लग्न सोडलं. रणधीरला फोन लावला; सेंटरला रविवारची सुट्टी, पण त्यानं उचलला. "इथं येऊन काही होणार नाही. सरळ सोलापूर गाठा. एका दिवसात रक्ताची गाठ काढली तर हात वाचेल. थांबू नका कुठं."

थांबले नाहीत. पण जिथं पोचले तिथं त्यांना थांबवलं गेलं. ज्या डॉक्टरनं हात जोडला होता तो परगावी, मंगळवारी येईल. दुसऱ्या दवाखान्यात शिरांचा डॉक्टर होता, पण सरकारी योजनेतून फुकट करायचं तर मंजुरी लागते, मंजुरीचं टेबल सोमवारी उघडतं. सोमवारी टेबल उघडलं तर जुनी फाईल धाराशिवहून आणा म्हणाले. राजशेखर फाईल आणायला बसनं गेला आणि संध्याकाळी आला, तोवर तिथले डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनला गेले होते. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. सगळ्यांनी सांगितलं ते आपापल्या जागी बरोबरच होतं, आणि त्या बरोबर गोष्टींत दोन दिवस गेले. नीलम्मा व्हरांड्यात लेकीचा हात मांडीवर घेऊन बसली होती आणि दर घटकेला कान लावत होती, जणू आत कुणीतरी रुसून बसलंय आणि विनवण्या केल्या की बोलेल.

मंगळवारी सकाळी डॉक्टरनं हात बघितला. "रविवारी यायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

"रविवारीच आलोय साहेब," राजशेखर म्हणाला आणि सगळ्यांसमोर रडला.

हात गेला. शिवरंजनीच्या गळ्यातल्या शिरेत नळी बसवली आणि त्या नळीवर मशीन सुरू झालं. उजव्या हाताच्या शिरा दोन वर्षांच्या सुयांनी जळून गेल्या होत्या. कोपराजवळ प्रयत्न करू म्हणाले आणि दिवाळीनंतरची तारीख दिली. तोवर नळी जपा. नळीत जंतू गेले तर ते थेट काळजापर्यंत जातात.

नळी किती जपणार? पत्र्याचं घर, आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणी, धुळीनं भरलेली एसटी. महिन्याभरात पहिला ताप आला. मशीन सुरू झालं की पोरीला अशी हुडहुडी भरायची की पलंग वाजायचा. नळी बदलली. पुन्हा ताप आला. शिवरंजनी निम्मी उरली. दिवाळी अजून कितीतरी लांब होती, आणि तोवर आपण पोचत नाही हे तिच्या डोळ्यांत दिसायला लागलं होतं.

सेंटरमध्ये नवा रुग्ण आला की रणधीर तिचं उदाहरण द्यायचा. "ही बघा. शिकली-सवरलेली बाई. दीड वर्ष चाललेला हात बांगड्यांच्या हौसेपायी घालवला." शिवरंजनी डोळे मिटून घ्यायची. एकदा बसमध्ये राजशेखरही बोलून गेला, "कशाला व्हत्या गं तुला त्या बांगड्या? सांग ना. कुणासाठी?" ती खिडकीबाहेर बघत राहिली. पलीकडच्या बाकावर नीलम्मा बसली होती. ती आज सांगू म्हणत होती, उद्या सांगू म्हणत होती. एकदा लेकीच्या पाया पडली तर लेक म्हणाली, "अव्वा, आता सांगून काय हात वाजायला लागणार हाय? उगं तुला बी समदे बोलतील. मला बोलतात तेवढं बास."

पोटच्या पोरीनं आपल्यावर पांघरूण घालावं आणि त्या पांघरुणाखाली आपण जगावं, याच्याइतकं वाईट काही नसेल. नीलम्माचं अन्न तुटलं. पेटी घेऊन ती अजून हिंडत होती, कारण एसटीचं भाडं लागायचंच. पण कुणाचाही हात दाबताना तिची बोटं आपोआप सैल पडायची आणि बायका म्हणायच्या, मावशी, बांगडी ओघळतीय.

भाद्रपदातला एक मंगळवार. त्या दिवशी राजशेखरही आला होता. शिवरंजनीला आत घेतलं, तो दाराशी फॉर्म भरत उभा होता आणि नीलम्मा बाकावर. तेवढ्यात भूमकडची एक सासू-सून आली. सून अर्पिता, वीस-बावीस वर्षांची, नवी नवरी, सासू सिताबाई. पोरीचा डावा हात नुकताच जोडलेला, टाके काढायला आणि हात दाखवायला आल्या होत्या. आणि त्या हातात मनगटापासून वर हिरवा चुडा गच्च भरलेला होता.

रणधीर बघताक्षणी ओरडला. "काढा आधी त्या! किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना? आत ती बाई बघा जाऊन..."

"वरडू नगंस," सिताबाई म्हणाल्या. "माजा ल्योक जिता हाय. सुनंचा हात उघडा ठिवून गावात फिरवू व्हय? आपरेशनला उतरावला तेवढा बास, आता ह्या चुड्याला वरीस व्हईस्तवर हात लावायचा न्हाय."

रणधीर आणखी जोरात बोलायला लागला, सिताबाई त्याच्याहून जोरात. अर्पिता मधे मान खाली घालून उभी. तिला कुणी काही विचारत नव्हतं.

नीलम्मा उठली. रणधीरच्या टेबलावरच्या डब्यातून तिनं एक रबरी हातमोजा ओढला आणि त्या पोरीसमोर खाली बसली. "हात दे माय," म्हणाली.

सिताबाईंनी तिच्या मोकळ्या मनगटांकडं बघितलं आणि सुनेचा हात मागं खेचला. "तू कोण गं? पांढऱ्या कपाळानं माज्या सुनंचा चुडा उतरवाय आलीस?"

"व्हय," नीलम्मा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता आणि सगळ्या व्हरांड्यात ऐकू जात होता. "म्या कासारीण हाय. आत जी पोरगी नळीवर पडलीय ती माजी लेक हाय. तिच्या हातात बांगड्या तिनं न्हाय घातल्या. म्या भरल्या. ती नको म्हणत व्हती, म्या ऐकलं न्हाय. तिचा दादला जिता हाय, म्हणून भरल्या. सात बांगड्या. एका राती हात मेला. लोक तिला बोलतात, ती ऐकून घेती, आन् म्या चार महिनं तोंड शिवून बसलेय. आता तुमी सांगा, काढू का ऱ्हाऊ देऊ?"

राजशेखरच्या हातातला पेन थांबला. रणधीर भिंतीला टेकला. सिताबाईंनी धरलेला हात हळूहळू सोडून दिला.

नीलम्मानं तो पातळ हातमोजा चुड्याखालून सरकवला, अंगठ्याचं मूळ दाबलं आणि एकेक बांगडी त्यावरून घसरवत काढायला लागली. जोडाला धक्का लागू दिला नाही. तिच्या बोटांना आज जागा बरोबर सापडत होती. एकवीस बांगड्या निघाल्या, एकही वाढली नाही. त्या तिनं सिताबाईंच्या ओच्यात ठेवल्या.

"उजव्या हातात भरून देते," ती म्हणाली. "दोनी हातांच्या एकाच हातात भरते. कुणी काय म्हणलं तर माजं नाव सांगा."

राजशेखर तिच्याजवळ आला होता. तो काही बोलेल, शिव्या देईल, म्हणून ती वाट बघत होती. काचेच्या दाराआड शिवरंजनी पलंगावर पडल्या पडल्या इकडंच बघत होती. आईचा आवाज तिला ऐकू गेला होता. राजशेखर दार उघडून आत गेला आणि बायकोच्या उशाशी बसला. बसून तिचा तो मुका, निरुपयोगी डावा हात त्यानं आपल्या हातात घेतला. मशीन चालू झालं होतं आणि शिवरंजनीला पुन्हा हुडहुडी भरायला लागली होती.

इकडं अर्पिता अजून हात पुढं करून उभी होती. "मावशी, आता काय बघायचं असतं ह्यात?" तिनं हळूच विचारलं.

"हितं बोट ठेव. लागतंय का? रोज सकाळी बघायचं. च्याच्या आदी. आन् असा कान लावायचा." नीलम्मानं दाखवायला म्हणून तिच्या मनगटाला कान लावला.

आत घरघर चालली होती. चांगली जोरात.

"कळलं मावशी," अर्पिता म्हणाली. सिताबाईही म्हणाल्या, "कळलं, उठा आता." पण चार महिन्यांनी ऐकलेल्या त्या आवाजावरून नीलम्माला कान उचलवेना.